स्थानक कुठे संपते?

गेल्या डिसेंबरात आपल्या महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता ‘मेट्रो आली, मुंबई जुळली’. मी विषयाच्या बाजूने बोलले. बोरीबंदर ते चर्चगेट हे अंतर आता किती थोड्या मिनिटांचे राहिले, रेल्वेने आणि मेट्रोने एकमेकींचा हात कसा धरला, वगैरे वगैरे. शेवटचे वाक्य मी आरशासमोर उभी राहून पाठ केले होते : ‘आजपासून मुंबईत शेवटचे स्थानक असे काही उरलेच नाही!’ टाळ्या पडल्या. परीक्षकांनी दुसरे पारितोषिक दिले. घरी आईने देवापुढे साखर ठेवली.

हा लेख म्हणजे त्या भाषणाची दुरुस्ती आहे. पारितोषिक परत मागू नये, एवढीच परीक्षकांना नम्र विनंती.

आम्ही कल्याणला राहतो. आपल्यापैकी पुष्कळांप्रमाणे मीही रोज लोकलने येते. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे सुमारे ५४ किलोमीटरचे अंतर कधी उभ्याने, कधी लटकत आणि कधी (नशीब थोर असेल तर) बसून कापते. या स्थानकाला कोणी सीएसएमटी म्हणतात, आमचे बाबा अजून व्ही.टी. म्हणतात आणि आजी म्हणते बोरीबंदर. नाव कोणतेही घ्या, तीन वर्षे मी ते रोज पाहते आहे. तरी ते मला ठाऊक नव्हते, असे आता म्हणावे लागते.

त्याचे असे झाले. आजीचे वय ७८. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि गुडघे तर केव्हाचेच संपावर गेलेले. जानेवारीत तिला चर्चगेटच्या बाजूला एका डॉक्टरांकडे दाखवायचे ठरले. बाबांना रजा नव्हती, आईला शाळा होती. मी म्हणाले, मी नेते. मनात म्हटले, बरी संधी आली. भाषणातली मेट्रो आजीला प्रत्यक्ष दाखवू.

गर्दी ओसरल्यावरची लोकल पकडली. आजीला खिडकी मिळाली. ठाणे, घाटकोपर, दादर अशी स्थानके मी तिला वाचून दाखवत होते आणि भायखळ्यापर्यंत ती खुशीत होती. गाडी सीएसएमटीच्या फलाटाला लागली तेव्हा माझ्या घड्याळात ११ वाजून ८ मिनिटे झाली होती.

आम्ही मेट्रोच्या डब्यात बसलो तेव्हा ११ वाजून ४७ मिनिटे झाली होती.

या ३९ मिनिटांत काही विपरीत घडले नाही, हे मुद्दाम सांगते. कोणी आमच्याशी उर्मटपणे वागले नाही. उलट फलाटावर एका अनोळखी बाईंनी आजीची पिशवी घेतली आणि खाली मेट्रोच्या तपासणीजवळ एका रक्षकाने तिला आपली खुर्ची बसायला दिली. आम्ही फक्त चाललो. गर्दी पुढे जाऊ दिली, फलाट संपवला, मुख्य दालनात थांबलो, पुन्हा चाललो. भुयारी मार्गाच्या पायऱ्या आजी एकेक करून उतरली. एका पायरीवर दोन्ही पाय टेकायचे, मग पुढची. तिकीट, तपासणी, आणखी खाली. हेच अंतर मी एकटी असते तेव्हा आठ मिनिटांत कापते, आणि त्यातही मोबाईलवर बोलत.

मेट्रो आजीला आवडली. ‘थंडगार आहे गं, अगदी देवळाच्या गाभाऱ्यासारखी,’ असे ती म्हणाली. पण ती नीट टेकेपर्यंत हुतात्मा चौक मागे पडला आणि चर्चगेट आले. मध्ये एकच स्थानक, पाच मिनिटांचाही प्रवास नाही. मग पुन्हा वर, पुन्हा चालणे. रस्त्यावर आल्यावर आजी एका दुकानाच्या पायरीवर बसली आणि मला म्हणाली, ‘पोरी, कल्याणपासनं गाडीनं बसवून आणलं, तेव्हा नाही दमले. ही गाडी आणि ती गाडी यांच्या मधल्या चालण्यानंच जीव काढला.’

दुसरे पारितोषिक मिळवलेले ते सगळे भाषण या एका वाक्यापुढे फिके पडले.

येताना तिने साफ सांगितले, ‘आता खाली उतरायचं नाही. बसनं चल.’ डॉक्टरांच्या रस्त्यावरच थांबा होता. बस आली, तिचा मजला खाली होता, आजी कठड्याला धरून चढली आणि पुढच्या बाकावर बसली. बस गर्दीतून रखडत गेली. मेट्रोपेक्षा तिला कितीतरी अधिक वेळ लागला. परंतु तिने आम्हांला भाटिया बागेजवळ, स्थानकाच्या अंगाला सोडले आणि एकही जिना न चढता-उतरता आजी फलाटापर्यंत पोचली. ‘बस बरी. दारात येते,’ ती म्हणाली. मग गाडीत तिने मला ट्रामची गोष्ट सांगितली.

आजीचे माहेर लालबागचे. तिचे वडील गिरणीत होते, गाव साताऱ्याकडे. गावाला जायचे म्हणजे लोखंडी ट्रंक, वळकटी आणि तीन पोरे घेऊन लालबागेत ट्राममध्ये बसायचे ते बोरीबंदरला उतरायचे. ‘ट्रामीतनं उतरलं की समोर स्टेशन. बाबा ट्रंक खांद्यावरून खाली ठेवायच्या आत फलाट यायचा,’ असे तिला आठवते. लहानपणाच्या आठवणीत अंतरे आखूड होतात हे मला कळते. तरी मी ग्रंथालयात जाऊन जुन्या मुंबईविषयीची पुस्तके चाळली आणि जे वाचले त्याने मी चकित झाले.

आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते. अंतर सुमारे ३४ किलोमीटर. पण आज आपण ज्या वास्तूपुढे छायाचित्रे काढतो ती तेव्हा नव्हती. तिचे बांधकाम सुरू झाले १८७८ साली आणि ते चालले दहा वर्षे. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने १८८७ मध्ये तिला राणीचे नाव मिळाले. आता यातली गंमत पाहा. मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ रोजी, आणि पहिल्या दोन मार्गांपैकी एक होता बोरीबंदर ते पायधुणी! म्हणजे घुमट, कमानी, रंगीत काचा, दगडी वानरे आणि मोर हे सारे यायच्या आधी या स्थानकाच्या तोंडाशी ट्राम येऊन उभी राहिली होती. आगगाडीतून उतरलेल्या माणसाला पुढे कुठेतरी जायचे असते, ही साधी गोष्ट त्या काळच्या व्यापारी कंपनीलाही कळत होती.

पुढे १९०७ साली ट्राम विजेवर आली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. तिच्या एकच वर्ष आधी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, याच स्थानकातून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली लोकल गेली होती. आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम निघाली तीही बोरीबंदरहूनच, दादरला. आजी तेव्हा सोळा वर्षांची होती. दादरच्या ‘टी.टी.’मधला दुसरा टी म्हणजे टर्मिनस आणि पहिला म्हणजे ट्राम, हे तिने सांगेपर्यंत मला माहीत नव्हते. रोज नाव घेऊनही!

ट्राम परत आणा, असे मी म्हणणार नाही. गेलेल्या गोष्टींचे गोडवे गाणारे निबंध आपल्या अंकात दरवर्षी पुरेसे असतात. मला त्या इतिहासातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. तेव्हा वाहन माणसाकडे येत होते. आता माणसाला वाहनाकडे जावे लागते. आणि हे जाणे किती लांबचे, किती खालचे, किती वरचे, हे ठरवताना माणूस तरुण, धडधाकट आणि रिकाम्या हाताचा आहे असे गृहीत धरलेले असते.

सीएसएमटीची रचनाच पाहा. एकूण १८ फलाट, त्यांतले ७ उपनगरी गाड्यांचे आणि ११ लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. हे शेवटचे स्थानक असल्याने रूळ इथे संपतात. बारा डब्यांची लोकल साधारण २५० मीटर लांब असते. मागच्या डब्यातल्या प्रवाशाला मुख्य दालनात यायचे तर तेवढा पल्ला आधी चालून यावा लागतो. लांबच्या गाड्यांचे फलाट पूर्वेच्या बाजूला, पी. डिमेलो मार्गाकडे. मेट्रो, महापालिका, आझाद मैदान आणि बसचे पुष्कळसे थांबे पश्चिमेला आणि दक्षिणेला. नागपूरहून रात्रभर प्रवास करून आलेली बाई दोन पिशव्या आणि झोपलेले मूल घेऊन जेव्हा ‘चर्चगेटला कसं जायचं हो?’ असे विचारते, तेव्हा आपण बोटाने एक दिशा दाखवतो आणि घाईने पुढे जातो. त्या बोटाच्या टोकापासून तिच्या प्रवासाचा सर्वांत अवघड भाग सुरू होतो.

हा भाग अवघड का राहिला? तो कोणाचाच नाही म्हणून, असे मला वाटते. फलाट रेल्वेचा, म्हणजे केंद्र सरकारचा. रस्ता आणि पदपथ महापालिकेचे. बस बेस्ट उपक्रमाची. मेट्रो वेगळ्या महामंडळाची. रहदारी पोलिसांकडे. टॅक्सीचे भाडे ठरवणारे आणखी निराळे. प्रत्येकजण आपापल्या भिंतीपर्यंतचे काम आपल्या परीने करतो. मी कोणा एकावर ठपका ठेवत नाही. पण एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जी मोकळी जागा उरते तिथेच नेमका प्रवासी असतो. नकाशावर दोन स्थानके शेजारी दिसतात, एकाच ठिपक्यात दोन रंगांच्या रेघा मिळतात. आपण म्हणतो, जुळले! त्या ठिपक्याच्या आत आजीची ३९ मिनिटे होती. माझ्या भाषणात ती नव्हती.

हा ठिपका किती महत्त्वाचा आहे हे या स्थानकाने एकदा फार क्रूरपणे दाखवले आहे. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी स्थानकाला रस्त्यापलीकडच्या गल्लीशी जोडणारा पादचारी पूल कोसळला. सात माणसे गेली, तीसहून अधिक जखमी झाली. मृतांत रात्रपाळीला निघालेल्या परिचारिका होत्या. पुलाच्या आधीच्या तपासणीत किरकोळ दुरुस्त्या सुचवून तो वापरण्याजोगा ठरवला होता. नवा पूल खुला व्हायला २०२३ साल उजाडले. मधली चार वर्षे त्या वाटेची माणसे खालच्या वाहत्या रस्त्यातून वाट काढत होती. त्याआधी २०१७ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला होता. ही माणसे गाडीखाली आली नाहीत. गाडीपर्यंत पोचताना किंवा गाडीतून उतरून जाताना ती गेली. जोडणारी वाट ही शोभेची वस्तू नव्हे. ती प्रवासाचाच भाग आहे, आणि तो भाग कच्चा राहिला तर त्याची किंमत अशी मोजावी लागते.

आता माझे मित्र म्हणतील, म्हणजे तू मेट्रोच्या विरुद्ध गेलीस तर! मुळीच नाही. ९ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा भुयारी मार्ग पूर्ण खुला झाला, ही मोठीच गोष्ट आहे. मध्य रेल्वेचे आणि पश्चिम रेल्वेचे दक्षिणेकडचे शेवटचे टोक रुळांनी जोडण्याचे काम दीडशे वर्षांत झाले नव्हते, ते या मार्गाने केले. ज्यांना रोज मंत्रालयाकडे किंवा कफ परेडला जायचे असते त्यांचे उन्हापावसातले हाल वाचले. माझे म्हणणे एवढेच की मेट्रो आली म्हणून बसची गरज संपली, असे जे आपण मनाशी धरून चाललो आहोत ते खोटे आहे.

आणि बस तर आपल्या डोळ्यांदेखत आटते आहे. एके काळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ मध्ये ही संख्या तीन हजारांच्या खाली आलेली होती, आणि त्यातही उपक्रमाच्या स्वतःच्या गाड्या थोड्या, भाडेकराराने घेतलेल्या बहुसंख्य. जुन्या लाल दुमजली गाडीने १५ सप्टेंबर २०२३ रोजी निरोप घेतला, तेव्हा आपण सर्वांनी हार घालून छायाचित्रे काढली. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरची वातानुकूलित दुमजली गाडी सीएसएमटीहूनच सुरू झाली, ही समाधानाची बाब खरी. पण थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला गाडी किती मजल्यांची आहे यापेक्षा ती किती वेळाने येते याच्याशी कर्तव्य असते. मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांचे १० रुपये झाले. मेट्रोचे किमान भाडेही १० रुपयेच आहे. तेव्हा ‘स्वस्त म्हणून बस’ हा मुद्दाही जवळच्या अंतरापुरता लंगडा पडला. बसच्या बाजूने आता एकच मुद्दा उरतो, आणि तो सर्वांत बळकट आहे : ती जमिनीवर असते.

एका मैत्रिणीने मला विचारले, ‘आजीला टॅक्सीने का नाही नेलेस?’ प्रश्न रास्त आहे. शीव-वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगी नाही, तेव्हा उरते टॅक्सी. तिचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये. आम्हांला ते एखाद्या दिवशी परवडते. पण सार्वजनिक वाहतुकीचे दोष ज्याने त्याने आपल्या खिशातून झाकायचे, हे उत्तर झाले का? आणि आजीच्या हिशेबात टॅक्सी ही लग्नकार्याला किंवा इस्पितळात नेताना करायची वस्तू आहे. ‘चालतेबोलते आहे तोवर टॅक्सी कशाला?’ हे तिचे म्हणणे हास्यास्पद नाही. त्यात एक स्वाभिमान आहे.

दुसरा आक्षेप जागेचा. म्हणे, या भागात मुंगीला शिरायला वाव नाही, बस कुठे उभ्या करणार? पण जागा नाही म्हणजे काय? त्याच रस्त्यावर एकेका माणसाला घेऊन मोटारी उभ्या असतातच. दोन-तीन मोटारींच्या जागेत एक बस मावते आणि ती चाळीस-पन्नास माणसे नेते. तेव्हा प्रश्न जागेचा नसून जागा कोणाला द्यायची याचा आहे.

तिसरा आक्षेप वास्तूचा. २००४ साली या इमारतीचा जागतिक वारशांच्या यादीत समावेश झाला. तिला हात कसा लावणार? लावूच नये. कोणी दगडाला हात लावायला सांगत नाही. इमारतीपुढच्या रस्त्याची, पायवाटांची आणि थांब्यांची नीट मांडणी करायला घुमटाला टाचणीही लावावी लागत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत आधुनिक. आता मोबाईलवर ‘मुंबई वन’ नावाची सोय झाली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती सुरू झाली. लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट आणि शेजारच्या शहरांच्या बस मिळून अकरा सेवांची तिकिटे एकाच ठिकाणी काढता येतात. मी ती वापरते, मला ती आवडते. पण तिने तिकिटे एकत्र आणली, गाड्या एकत्र आणल्या नाहीत. मोबाईलवर एका बोटाने ओलांडलेला रस्ता पायांनी ओलांडावाच लागतो. आणि आजीजवळ जो मोबाईल आहे त्यावर फक्त फोन येतो.

शेवटचा आक्षेप कोणी तोंडाने काढत नाही, पण मनात सर्वांच्या असतो : हजारो तरुण माणसे धावत येतात, धावत जातात, मूठभर म्हाताऱ्यांसाठी सगळी व्यवस्था बदलायची का? याला माझे उत्तर असे. स्थानकात उभे राहून एकदा नीट पाहा. कडेवर मूल घेतलेली आई, काठी टेकत जाणारा अंध प्रवासी, डोक्यावर बोजा घेतलेला हमाल, हत्यारांची पिशवी घेतलेला सुतार, गरोदर बाई, पायाला प्लॅस्टर घातलेला आपलाच कबड्डीपटू, आणि रात्रपाळी करून पेंगणारी परिचारिका. हे सगळे मूठभर आहेत काय? यांना वजा केले तर उरतील ते आपण, आणि आपणही काही वर्षांपुरतेच. धावणाऱ्याच्या वेगाने बांधलेली वाट फक्त धावणाऱ्याला उपयोगी पडते. सावकाश चालणाऱ्याला सोयीची वाट मात्र सर्वांनाच सोयीची होते.

मग करावे काय? मी वाहतूक शास्त्राची विद्यार्थिनी नाही, माझा विषय मराठी. तरी चार गोष्टी सामान्य बुद्धीला सुचतात. एक, मुख्य दालनातून बाहेर पडताच डोळ्यांना बस दिसली पाहिजे आणि तिथवर पायरी नसलेली सलग, मोकळी वाट असली पाहिजे. दोन, रेल्वे, बस, मेट्रो आणि टॅक्सी या साऱ्यांची माहिती देणारा एकच फलक हवा, मोठ्या मराठी अक्षरांत. त्यावर अंतर पावलांत लिहावे आणि वाटेतले जिनेही सांगावेत. तीन, वाटेत बसायला बाके हवीत. हे वाचून काहींना हसू येईल. परंतु दर शंभर पावलांवर टेकायला जागा असेल तर आजीसारख्या माणसाला शहर खुले होते आणि नसेल तर बंद होते. चार, भिंतीभिंतींमधल्या या जागेला कोणीतरी एक धनी हवा. तक्रार घेऊन जायचे तर कोणत्या दारावर थाप मारायची, एवढे तरी लोकांना कळावे.

हे अशक्य म्हणावे तर आपल्याच शहरात उदाहरण आहे. घाटकोपरला २०१४ साली पहिली मेट्रो आली तेव्हा तिचे स्थानक रेल्वेच्या पुलाला थेट जोडले गेले. गर्दीने तिथला पूल आज फुगलेला असतो हे खरे, पण रस्त्यावर न उतरता माणूस एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जातो. दोन खाती एकत्र बसली तर भिंतीत दार पडते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

आणि आपण विद्यार्थ्यांनी? निवेदने लिहिणे सोपे असते. माझी सूचना वेगळी आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने पुढच्या वर्षी एक पाहणी करावी. प्रत्येकाने आपल्या घरातले किंवा शेजारचे एक वयस्क माणूस बरोबर घ्यावे आणि लोकलच्या दारापासून बसच्या, मेट्रोच्या, टॅक्सीच्या दारापर्यंत त्याच्या चालीने चालावे. मिनिटे, पायऱ्या आणि थांबे लिहून घ्यावेत. भूगोल विभागाने नकाशा करावा, अर्थशास्त्र विभागाने आकडे मांडावेत, आम्ही मराठीची मुले अहवाल लिहू. तो सर्व खात्यांना एकाच दिवशी, एकाच पत्राने पाठवावा, म्हणजे ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे म्हणताना प्रत्येकाला दुसऱ्याचेही नाव त्या पत्रावर दिसेल. शंभर भाषणांपेक्षा अशी शंभर घड्याळे अधिक बोलतील.

स्थानकाच्या घुमटावर एक स्त्रीमूर्ती उभी आहे. ती प्रगतीची मूर्ती, असे सांगतात. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. तिच्या पायाखालून तीन वर्षे जाताना मी मान वर करून ती कधी नीट पाहिली नव्हती. आजीने विचारले, ‘ती वरची बाई कोण गं?’ मी सांगितले. आजी म्हणाली, ‘चाक तिच्याच हातात आहे होय? बरं झालं सांगितलंस.’

डॉक्टरांनी आधी एका डोळ्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. त्यासाठी तीन-चार वेळा तरी जावे लागेल. नंतर दुसरा डोळा. घरी आल्यावर आजीने जाहीर केले, ‘दिसतं तेवढं पुरे. त्या पायऱ्या काही मी पुन्हा उतरायची नाही.’ आई समजावून थकली, बाबा रागावले. आजी वाद घालत नाही, विषय बदलते. एवढ्या एका चालण्यासाठी तिने आपले डोळे सोडून द्यायचे ठरवले आहे. स्पर्धेत मी म्हणाले होते, शेवटचे स्थानक असे काही उरलेच नाही. आजीपुरते ते उरले आहे, आणि ते बोरीबंदर आहे.

मी मात्र अजून हरलेले नाही. गेल्या शनिवारी तास बुडवून (सरांनी क्षमा करावी) मी स्थानकात गेले. महिलांच्या मधल्या डब्याच्या दारापासून भाटिया बागेजवळच्या बसथांब्यापर्यंत, एकही जिना न येता, कुठून जाता येते ते शोधले. पावले मोजली. माझी ४१२ भरली. वाटेत टेकता येईल अशा तीन जागा हेरून ठेवल्या आहेत. आजीला मी तो कागद दाखवला. तिने तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, तिला वाचता आला नाही. मग म्हणाली, ‘तुझी चारशे म्हणजे माझी हजार. बघू, थंडी कमी होऊ दे.’

‘नाही’ म्हणाली नाही, हे मी लिहून ठेवले आहे.

(तृतीय वर्ष, कला)